व्हर्नच्या टोपीचा रंग

बिरंगा पॉइंट, व्हिक्टोरिया
४ मार्च २०२४

प्रिय लिन्झी,

सोबत तीन फोटो पाठवतेय. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घातलेत, टपालवाल्याने पराक्रम केला नाही तर सपाट पोचतील. एक बादली, एक कुंपणाशी ठेवलेले गमबूट आणि एक बदकं. हसायचं असेल तर आत्ताच हसून घे, कारण नंतर मला तुझं खरं मत हवंय.

म्हणशील, म्हातारीला हे काय सुचलं. गावच्या वाचनालयात दर बुधवारी संगणकाचा वर्ग भरतो. शिकवणाऱ्या बाईंनी फोटोचे रंग बदलायचं साधन दाखवलं. बाकीच्या बायका नातवंडांच्या गालांवरचे डाग पुसत बसल्या होत्या. मी बादलीचा फोटो घेतला आणि रंगाचा स्लायडर पार टोकापर्यंत ओढला. बाई म्हणाल्या, "उना, जरा कमी करा." मी म्हटलं, "मला अजून थोडं जास्तच हवंय." एकतीस वर्षं शाळेची बस चालवली मी, कुणी हळू म्हटलं की माझा पाय आपोआप खाली जातो.

तू चाळीस वर्षं वर्तमानपत्राच्या डार्करूममध्ये फोटो छापलेस. तुझ्याइतका जाणकार माझ्या ओळखीत दुसरा नाही, आणि माझा व्हर्न गेल्यापासून तू नाताळच्या कार्डाशिवाय काही पाठवत नाहीस, तेव्हा या निमित्ताने लिहिशील तरी. फोन तू ठेवत नाहीस, संगणकाकडे बघत नाहीस, म्हणून कागदावर छापून पाठवतेय.

एकच प्रश्न आहे. बादली प्रत्यक्षात निळी आहे, बदकं पांढरी आहेत. फोटोत मी त्यांचं काय केलंय ते दिसेलच. तर असा उजेड खरा वाटतो का? सुंदर दिसतो का ते विचारत नाहीये. खरा वाटतो का?

तुझी
उना

सिग्नेट, टास्मानिया
१९ मार्च

प्रिय उना,

फोटो सपाट पोचले. मत मात्र तसं सरळ नाही.

बदकं आहेत की भोपळे, हे ठरवायला मला चष्मा पुसावा लागला. बादली इतकी काळी झालीय की ती बादली आहे हे कडीवरून ओळखलं. आमच्याकडे कुणी असला फोटो संपादकाच्या टेबलावर ठेवला असता तर दुसऱ्या दिवसापासून त्याला राशिभविष्याच्या पानावर बसवलं असतं. साध्या वस्तूंनी तुझं काय बिघडवलंय? बादलीला बादली राहू दे की.

तरी विचारलंच आहेस म्हणून सांगतो. तू सगळे रंग एकदम ताणतेस, तिथे चुकतेस. उजेडच नारिंगी असेल तर गमबुटांच्या खालची सावलीही निळसर राहणार नाही, तीही तपकिरी होईल. तुझ्या फोटोत सावली दुपारची आणि बदकं कुठल्याशा दुसऱ्या ग्रहावरची. आधी पांढऱ्या वस्तूचा रंग ठरव. एकदा पांढऱ्याचं काय होतं ते कळलं की बाकीचे रंग त्याच्या मागून येतात. आणि निळं काळं पडणं, ते मात्र तुला कसं सुचलं कुणास ठाऊक, पण ते बरोबर आहे. नारिंगी उजेडात निळं काळंच दिसतं.

सफरचंदं उतरवून झाली. यंदा माश्यांनी मध कमी दिला, मलाही त्यांच्या मागे लागायचा कंटाळा आला होता. हे सगळं कशासाठी चाललंय ते कळव. नुसता वेळ घालवायला कुणी इतकं रेटत नाही, तू तर नाहीच नाही.

लिन्झी

बिरंगा पॉइंट
२ एप्रिल

प्रिय लिन्झी,

सावलीचं पटलं. पांढऱ्याचंही पटलं. आठ दिवस बदकांच्या मागे फिरतेय, आता तीही मला बघितलं की पळतात.

कशासाठी, ते सांगते. पाच वर्षांपूर्वीच्या वणव्यात जळालेलं गावचं सभागृह पुन्हा बांधून होत आलंय. नोव्हेंबरात उघडणार. आतली एक भिंत त्या सकाळच्या फोटोंसाठी ठेवलीय. लोकांनी आपापल्या फोनमधले तेवीस फोटो दिले. लिन्झी, सगळे करडे आहेत. एकाही फोटोत लाल आकाश नाही. बघितलं तर वाटतं, जुलैच्या थंडीतली धुक्याची सकाळ आहे आणि माणसं उगाच बोटींच्या धक्क्यावर गोळा झालीत.

बाईंनी मला कारण समजावून सांगितलं. फोनला शिकवलेलं असतं की जग इतकं नारिंगी नसतं. मग तो आपल्याला न विचारता रंग "दुरुस्त" करून फोटो ठेवतो. आम्ही रक्तासारख्या उजेडात उभे होतो आणि फोनने ते धुऊन टाकलं.

गेल्या महिन्यात नव्याने राहायला आलेलं एक जोडपं ते फोटो चाळत होतं. नवरा म्हणाला, "हे तर साधं धुकं दिसतंय. मग लोक वेळेवर का नाही निघाले?" मी तिथेच चहा ओतत होते. कप त्याच्या डोक्यात घालावासा वाटला. पण त्याहून वाईट पुढे झालं. डल्सी, जी त्या दिवशी माझ्या बसमध्ये बसून धक्क्यावर आली, ती हळूच म्हणाली, "उना, खरंच तेवढं लाल होतं का गं? की आपल्यालाच वाटलं?"

पाच वर्षांत आम्ही आमच्याच डोळ्यांवर शंका घ्यायला लागलोय. हे मी चालू देणार नाही. व्हर्नचा शेवटचा फोटो मी काढलाय, फाटकाशी उभा, पायाशी बदकं, डोक्यावर ती लाल टोपी. तोही करडा आहे. त्याला त्या सकाळचा रंग परत आणायचा आणि भिंतीवर लावायचा, एवढं मी ठरवलंय. समितीची नोरीन म्हणते, रंग बदललेले फोटो चालणार नाहीत, तसा नियम आहे. नियम तिनेच केलाय, मोडेलही तीच.

बादली आणि बूट एवढ्यासाठी की त्यांचे त्या दिवशीचे रंग मला आठवतात. व्हर्नवर सराव करायचा नव्हता मला.

उना

सिग्नेट
२० एप्रिल

उना,

तो फोटो तसाच राहू दे.

हे चिडून लिहीत नाहीये. कामाची शिस्त म्हणून सांगतोय. फोटो ही साक्ष असते. आपल्याला आठवतं ते त्यात भरायचं नसतं. आज तू आकाश लाल करशील, उद्या कुणी दुसरा त्यात ज्वाळा घालेल, मग खरं काय ते कुणालाच सांगता येणार नाही. नोरीनचा नियम बरोबर आहे. मी समितीवर असतो तर हाच केला असता.

बादल्या हव्या तितक्या रंगव. त्यासाठी काही विचारायचं असेल तर जरूर विचार. व्हर्नचा फोटो सोड.

लिन्झी

बिरंगा पॉइंट
९ मे

प्रिय लिन्झी,

परवानगी मागितली होती का मी? मला तर आठवत नाही. नवरा माझा, फोटो माझा, फाटकही माझंच होतं. तू मला सावल्यांबद्दल सांग, शिस्तीचे धडे नकोत.

पण एक गोष्ट तू लिहिलीस ती माझ्या डोक्यातून जाईना. आपल्याला आठवतं ते फोटोत भरायचं नसतं. बरं. मग फक्त मला आठवतं ते नको, सगळ्यांना आठवतं ते घेऊ, असं मी ठरवलं. वही घेतली आणि दारोदार निघाले. त्या सकाळी धक्क्यावर असलेल्या चौदा माणसांना भेटले. नियम मीच केले. एका वेळी एकालाच विचारायचं, नवराबायकोला वेगळं बसवायचं, फोटो दाखवायचा नाही आणि "लाल होतं ना" असं तोंडात घालायचं नाही. विचारायचं ते फक्त वस्तूंबद्दल.

लोकांना आकाशाबद्दल विचारलं की ते गप्प होतात, लिन्झी. पण वस्तूंचं विचारलं की बोलतात. इव्होची पांढरी मासेमारीची होडी, ती म्हणे संत्र्याच्या मुरंब्यासारखी दिसत होती. त्याच्या बायकोला स्वयंपाकघरात वेगळं विचारलं, तीही म्हणाली मुरंबा. त्यांच्यात इतकं एकमत लग्नानंतर पहिल्यांदाच झालं असेल. शाळेच्या निळ्या बसबद्दल नऊ जण म्हणाले काळी. डल्सीची हिरवी शाल तपकिरी. धक्क्यावरचा आईस्क्रीमचा पांढरा फ्रीज पुन्हा मुरंबा.

आणि व्हर्नची टोपी. तो आधी धक्क्यावर येऊन वयस्कर माणसांना उतरवून गेला होता, त्यामुळे बऱ्याच जणांनी त्याला पाहिलं होतं. पाच जणांना टोपी आठवते. पाचही जण म्हणाले, फिक्की होती, बाकीच्या पांढऱ्या वस्तूंसारखी मुरंब्याच्याच रंगाची. इव्हो तर भांडायलाच उठला, व्हर्नची टोपी पांढरीच होती म्हणून. मला धक्का बसला, कारण मलाही तसंच आठवत होतं आणि मी ते स्वतःशीच खोडून काढलं होतं. लाल टोपी पांढरी कशी दिसेल?

पण वहीत आलं ते मी केलं. सोबत व्हर्नचा फोटो आहे. फाटक, बदकं, टोपी, सगळं वहीप्रमाणे. बघ आणि सांग.

उना

सिग्नेट
१ जून

उना,

पाकीट आठ दिवस उघडलं नाही. मग उघडलं.

काम पहिल्यापेक्षा चांगलं आहे. सावल्या जमल्यात. फाटकाच्या लाकडाचा रंग पटतो.

टोपी चूक आहे. नारिंगी उजेडात लाल वस्तू आणखी लाल दिसायला हवी. तू ती बदकांच्या रंगाची केलीस. माणसं पाच वर्षांनी काहीही सांगतात, एकाचं ऐकून दुसरा. टोपीच चूक असेल तर बाकीच्यावर विश्वास कशाला ठेवायचा? हा फोटो तू बनवलेला आहे, उना. माझ्या मते तो भिंतीवर लावू नये.

फोटो परत पाठवतोय. माझ्याकडे ठेवणार नाही.

लिन्झी

बिरंगा पॉइंट
१७ जून

लिन्झी,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी खरंच खचले. वाटलं, झालं, जाणकार माणूस म्हणतोय तर चूकच असणार. दोन दिवस वही उघडली नाही. बदकांना खाणं घालताना त्यांच्याशीसुद्धा बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी राग आला. तुझा नाही, माझाच. बस बिघडली तर मी कधी मेकॅनिकच्या तोंडाकडे बघत बसले नाही, आधी बॉनेट उघडायची. मग मी काय केलं ऐक. चॉकलेटच्या डब्यातला नारिंगी पारदर्शक कागद चौपदरी करून विजेरीवर बांधला. कपडे धुवायच्या खोलीची खिडकी चादरीने झाकली. व्हर्नची दुसरी टोपी, तश्शीच लाल, अजून खुंटीला आहे. ती आणि एक पांढरी बशी शेजारी शेजारी ठेवली आणि विजेरी लावली.

दोन्हींचा रंग एकच, लिन्झी. अगदी एकच. मी नोरीनला फोन करून बोलावलं, कशाला ते न सांगता. ती आली, नाकाने कांदे सोलत उभी राहिली. मी विचारलं, "यातली लाल वस्तू कुठली?" ती म्हणाली, "लाल? दोन्ही पांढऱ्याच आहेत की." मी चादर ओढली. तिने टोपी उचलून उजेडात उलटसुलट करून पाहिली.

मग ती कपड्यांच्या टोपलीवर बसली आणि बोलायला लागली. मी तिला वहीसाठी कधी विचारलं नव्हतं, ती नियमवाली म्हणून. ती म्हणाली, "त्या सकाळी मला माझी मोटार सापडत नव्हती, उना. दारातच उभी होती, पण माझी मोटार निळी, आणि तिथे काळी मोटार उभी होती. मी दोनदा तिच्या शेजारून पुढे गेले. किल्ली हातात, आणि मी निळी मोटार शोधतेय. पाच वर्षांत मी हे कुणाला सांगितलं नाही. वाटलं, घाबरून माझं डोकं फिरलं होतं." ती रडली. मी पण रडले. मग आम्ही चहा घेतला आणि नियमावर भांडलो, पण पहिल्यासारखं नाही.

तुझं चुकलंय, लिन्झी, आणि ते तुझ्यासारख्या माणसाचं कसं चुकलं हे मला कळत नाही. फोटो पुन्हा पाठवतेय. या वेळी तो परत पाठवू नकोस.

उना

बिरंगा पॉइंट
२० सप्टेंबर

लिन्झी,

तीन महिने झाले, उत्तर नाही. तुझ्या शेजारच्या बेकरीत फोन करून विचारलं, बेकरीवाली म्हणाली, रोज पाव नेतो, चालतोय, बोलत नाही. म्हणजे जिवंत आहेस.

समितीचा निर्णय झाला. फोनमधला फोटो आणि त्या उजेडाचा फोटो, दोन्ही शेजारी शेजारी लावायचे, खाली काय केलं ते स्पष्ट लिहायचं. आता उरलेले बावीस फोटोही माझ्याच गळ्यात पडलेत. उद्‌घाटन शनिवारी, १६ नोव्हेंबरला.

राग असेल तर राग लिही, पण लिही.

उना

सिग्नेट
६ ऑक्टोबर

प्रिय उना,

माझं चुकलं नव्हतं. मी खोटं बोललो. ही दोन वेगळी कामं आहेत आणि मी दुसरं केलं.

डार्करूममध्ये लाल दिवा असतो. त्याच्या उजेडात लाल पेन्सिलीने लिहिलेलं पांढऱ्या कागदावर दिसतच नाही, कागद कोरा वाटतो. आमच्याकडे नवीन उपसंपादक आला की हमखास लाल पेन्सिलीने फोटोवर खुणा करून पाठवायचा, आणि आम्ही आतून ओरडायचो की काही लिहिलेलं नाही. चाळीस वर्षं मी त्या दिव्याखाली उभा होतो. तुझ्या फोटोतली ती फिक्की टोपी बघितली आणि त्याच क्षणी मला कळलं की हे खरं आहे. बनवणाऱ्याने टोपी लालभडक केली असती. फिक्की टोपी फक्त पाहिलेला माणूसच करील. म्हणून मी तुला ती चूक आहे असं लिहिलं.

कारण ते खरं असेल तर बाकीचंही खरं.

आता जे लिहितोय ते पाच वर्षं लिहायचं होतं. त्या सकाळी तू मला तो फोटो पाठवलास. खाली काही लिहिलं नव्हतंस. मी फोटो मोठा करून बघितला, नेहमीसारखा. सावल्या मऊ, उजेड पसरलेला, रंग करडा. मी व्हर्नला फोन केला. तो म्हणाला, "टेकडीवरच्या शेजाऱ्यांच्या शेळ्या कोंडलेल्या आहेत, सोडून येऊ का, की सरळ धक्क्यावर जाऊ? इथे काही खरं दिसत नाहीये." आणि मी त्याला म्हटलं, "मी फोटो बघतोय. हे धुकं आहे, धूर वरून चाललाय, आग लांब आहे. आयुष्यभर मी हेच बघत आलोय. दोन तास आहेत तुझ्याकडे."

त्याने माझं ऐकलं. धाकट्या भावाचं कधी ऐकत नव्हता, त्या दिवशी ऐकलं.

तो फोन मी दुसऱ्या आठवड्यात धक्क्यावरून पाण्यात फेकला. तुझ्याशी बोलायचं टाळलं ते याचसाठी. फोटो करडा राहिला तर मी जे पाहिलं ते तरी खरं होतं, इतकाच आधार मला होता. तू तोही काढून घ्यायला निघालीस.

आता तुला कळलंय. यापुढे मला लिहिलं नाहीस तरी मी समजेन.

लिन्झी

बिरंगा पॉइंट
१५ ऑक्टोबर

प्रिय लिन्झी,

मला माहीत होतं.

मी फाटकातच उभी होते. व्हर्नने फोन खिशात टाकला आणि म्हणाला, "लिन्झी म्हणतोय दोन तास आहेत. शेळ्या सोडतो, अर्ध्या तासात येतो." मी वर बघितलं. आकाश लाल होतं, बदकं मुरंब्याच्या रंगाची होती. आणि मी म्हटलं, "बरं, मी बस काढते." त्याला अडवलं नाही मी. माझे डोळे उघडे होते, लिन्झी, आणि मी तुझ्या शब्दावर विसंबले. तोही विसंबला. आम्ही दोघं तिथे होतो, तू समुद्रापलीकडे होतास.

आणि फोटो तुला कुणी पाठवला? मी. काढला, बघितलासुद्धा नाही, पाठवला. वाटलं, फोटोत सगळं आलंच असणार, लिहायचं काय. "आकाश लाल आहे" एवढे तीन शब्द लिहायला किती वेळ लागतो? पाच वर्षं मी रोज हिशोब करतेय. तू फोन करत नव्हतास तेव्हा मला वाटायचं, लिन्झीला कळलंय की मी त्याला खोटा फोटो पाठवला आणि त्याचा भाऊ गेला, म्हणून तो माझं तोंड बघत नाही. मी पहिल्या पत्रात बादली पाठवली ती भीत भीत पाठवली होती. तुझ्या उत्तरात नुसती थट्टा होती, त्यावर मी त्या रात्री शांत झोपले.

मला भिंतीसाठी तो फोटो हवाच होता, ते खोटं नाही. पण त्याहून जास्त मला तो तुला दाखवायचा होता. तुझ्या हातात जे आलं होतं ते आम्ही पाहिलेलं नव्हतं. तुझ्या नजरेत काही दोष नव्हता. जे तुला दिलंच नाही ते तू कसं बघणार होतास?

आता काम ऐक. मोठी प्रत अजून छापायची आहे. इथल्या दुकानातली बाई मी नारिंगी म्हटलं की पिवळं छापते. सोबत संगणकाच्या एका छोट्या कांडीत फोटो घालून पाठवतेय, दुकानवाल्यांना कळतं कुठे खुपसायची ते. ती प्रत तू काढ. तुझ्या डोळ्यांसमोर निघू दे. आणि मग मला सांग, त्या सकाळी हा फोटो आला असता तर तू व्हर्नला काय म्हणाला असतास. मला ते तुझ्याकडून ऐकायचंय.

उना

सिग्नेट
३ नोव्हेंबर

प्रिय उना,

गुरुवारी होबार्टला गेलो. तिथे अजून एक दुकान आहे जिथे माणसं प्रत काढतात, नुसतं बटण दाबत नाहीत. काउंटरवरच्या बाईला मी सांगितलं, मी शेजारी उभा राहणार. तिने माझ्याकडे बघितलं आणि खुर्ची दिली. मी बसलो नाही.

तुझं काम नव्वद टक्के बरोबर होतं. फाटकाखालचा काळोख जरा दाट होता, तो मी उजळला, व्हर्नचे हात दिसायला लागले. आकाश कडेला थोडं गडद केलं. टोपीला हात लावला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाचा फोटो इतका बदलून छापला आणि चार प्रती वाया घालवल्या. दुकानातली बाई म्हणाली, "पहिली पण छान होती." मी म्हटलं, "छान नकोय."

पाचवी प्रत मी स्वतः घेऊन येतोय. टपालावर सोडायची नाही. बुधवारी १३ तारखेच्या बोटीत जागा मिळाली. मला न्यायला ये, बस नसली तरी चालेल. नोरीनला सांग, माझी खुर्ची पुढे नको. आणि इव्होच्या शेजारी बसव मला, त्याने टोपीसाठी भांडण केलं म्हणून.

तू विचारलंस ते आता.

पाचवी प्रत यंत्रातून निघायला लागली. वरचा भाग आधी येतो. आधी आकाश आलं. मग फाटकाची वरची फळी, मग टोपी, मग त्याचा चेहरा, आणि त्याच्या चेहऱ्यावरही तोच उजेड. कागद अजून अर्धा आत होता. तेवढ्यात मी मोठ्याने म्हणालो, "निघ. शेळ्या राहू देत. काही घेऊ नकोस, उनाला घे आणि निघ."

दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती. सगळी माझ्याकडे वळली. काउंटरवरची बाई उठली आणि म्हणाली, "कोणाला म्हणताय, आजोबा?"

"माझ्या भावाला," मी म्हटलं.

तुझा
लिन्झी